पाण्याची वजाबाकी : खाडीकाठच्या काँक्रीटमधील एका रेणूची हकीकत

ठाणे खाडीच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पसरलेली नवी मुंबई ही जवळजवळ संपूर्णपणे काँक्रीटच्या युगात जन्मलेली नगरी आहे. मुंबईसमोरच्या मुख्य भूमीवर जोडशहर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली, मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि १९७३ मध्ये मानखुर्द-वाशी पूल वाहतुकीला खुला झाला. त्यानंतरच्या अर्धशतकात आगरी-कोळ्यांच्या ९५ गावांची भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे यांवर जे उभे राहिले, त्यात ना चिऱ्याचे वाडे आहेत ना चुन्याच्या भिंती. घरे, रेल्वेस्थानके, उड्डाणपूल, जलकुंभ, गटारे हे सारेच खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी यांच्या मिश्रणातून घडले आहे. या चार घटकांत गेल्या सुमारे तीन दशकांत एका पाचव्याची भर पडली. सिमेंटच्या वजनाच्या जेमतेम एक टक्का, म्हणजे एका घनमीटर काँक्रीटमध्ये तीन-चार किलो, एवढाच त्याचा वाटा असतो. तरीही खाडीच्या खाऱ्या हवेत हे शहर किती काळ टिकेल याचा निर्णय बऱ्याच अंशी त्याच्या हाती गेला आहे. प्लँटवर त्याला 'अ‍ॅडमिक्श्चर' म्हणतात, साइटवर नुसते 'केमिकल'. रसायनशास्त्राच्या भाषेत ते बहुवारिक, म्हणजे लहान रेणूंच्या असंख्य कड्या जोडून बनलेली लांब साखळी, आणि तिचे काम सिमेंटचे कण एकमेकांपासून सुटे करून पाण्यात समान विखुरणे हे आहे.

सिमेंटचे कण सुटे करावे का लागतात, हे समजण्यासाठी आधी पाण्याकडे पाहावे लागते, कारण काँक्रीटचा मित्र आणि काँक्रीटचा वैरी या दोन्ही भूमिका पाणीच निभावते. सिमेंट वाळून घट्ट होते असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ते पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होते, आणि या क्रियेला जलयोजन म्हणतात. त्या संयोगासाठी सिमेंटच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी पुरते आणि तयार होणाऱ्या चिकट पदार्थाच्या सूक्ष्म जाळीत अडकून राहणारे पाणी धरले तरी हिशेब ४२ टक्क्यांच्या आसपास थांबतो. परंतु एवढ्याच पाण्यात कालवलेला माल सळयांच्या दाट जाळीत उतरत नाही, पंपाच्या नळीतून वर चढत नाही आणि साच्याच्या कोपऱ्यांत पोकळ्या सोडतो, म्हणून पिढ्यानपिढ्या मिस्त्री त्यात जास्तीचे पाणी ओतत आले. हे जास्तीचे पाणी सिमेंटशी संयोग पावत नाही. कालांतराने ते निघून जाते आणि जाताना आपल्या जागी केसासारख्या बारीक वाटा सोडून जाते.

या वाटांविषयी अमेरिकेतील टी. सी. पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष आजही काँक्रीटच्या अभ्यासाचा पाया मानले जातात. पाण्याचे वजन भागिले सिमेंटचे वजन, म्हणजे जल-सिमेंट गुणोत्तर, ०.४० असेल तर जलयोजनातून तयार होणारा पदार्थ या वाटा सुमारे ३ दिवसांत तोडून बंद करतो, ०.४५ असेल तर ७ दिवस लागतात, ०.५० ला १४ दिवस, ०.६० ला सहा महिने आणि ०.७० ला एक वर्ष. त्यापुढे मात्र, कितीही दिवस ओले ठेवले तरी, त्या वाटा कधीच बंद होत नाहीत. गुणोत्तरातला फरक दशांशातला दिसतो, पण त्याचा परिणाम तीन दिवस आणि 'कधीच नाही' एवढा मोठा आहे. काँक्रीटविषयी सामान्य वाचकाला एकच गोष्ट सांगायची झाली तर ती हीच सांगावी लागेल.

समुद्रकाठी या वाटांतून आत येते ते मीठ. काँक्रीटच्या आतले वातावरण इतके अल्कधर्मी असते की लोखंडी सळईवर ऑक्साइडचा एक अतिपातळ संरक्षक थर आपोआप तयार होतो आणि तो शाबूत असेपर्यंत सळई गंजत नाही. परंतु मिठातले क्लोराइड सळईपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचले की तो थर जागोजाग फुटतो आणि गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून दाब देतो, सळईवरच्या काँक्रीटला सळईच्या रेषेत तडे जातात आणि शेवटी छताचा पोपडा खाली पडतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्याने हा धडा महाग मोल देऊन घेतला आहे. पणजीजवळचा मांडवी नदीवरचा पूल उभारणीनंतर अवघ्या दीड दशकात, जुलै १९८६ मध्ये कोसळला आणि पूर्वताणाच्या तारांना, म्हणजे काँक्रीटला आधीच आवळून ठेवणाऱ्या पोलादी केबलना, लागलेला गंज हे त्याचे मुख्य कारण मानले गेले. वाशीच्या पहिल्या खाडीपुलालाही तारांच्या गंजाने अकालीच ग्रासले. १९९० च्या दशकात त्याच्या शेजारी दुसरा पूल बांधला गेला आणि आता तिसराही उभा राहिला आहे.

या अनुभवांनंतर भारतीय मानकही पूर्वी जेथे होते तेथे राहिले नाही. काँक्रीटच्या कामाचा मूलग्रंथ म्हणता येईल असे आयएस ४५६ हे मानक २००० मध्ये सुधारले गेले तेव्हा बांधकामाच्या परिसराचे तीव्रतेनुसार पाच वर्ग त्यात स्पष्ट करण्यात आले. किनारी हवेत उघड्या असणाऱ्या किंवा समुद्राच्या पाण्यात पूर्ण बुडालेल्या प्रबलित काँक्रीटला, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटला, जल-सिमेंट गुणोत्तराची कमाल मर्यादा ०.४५ आहे आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या भागांना ०.४०. भरती-ओहोटीचा पट्टा सर्वांत धोक्याचा का, याचे उत्तर साधे आहे : तेथे खांब दिवसातून दोनदा भिजतो आणि दोनदा सुकतो, प्रत्येक भिजण्यात मीठ आत शिरते, प्रत्येक सुकण्यात पाणी उडून मीठ मागे राहते आणि गंजाला लागणारा प्राणवायूही मुबलक मिळतो.

आता याच आकड्यांचा हिशेब मांडून पाहावा. मिश्रणाचे प्रमाण ठरवण्याच्या आयएस १०२६२ या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीनुसार, २० मिलिमीटरची टोकदार खडी वापरून ५० मिलिमीटर स्लम्पचे काँक्रीट करण्यास घनमीटरला १८६ लिटर पाणी धरतात. स्लम्प म्हणजे शंकूच्या साच्यात भरलेला ओला माल साचा उचलल्यावर किती खाली बसतो त्याचे माप. माल जितका वाहता, तितका स्लम्प जास्त. पंपाने चढवायचा माल साधारण १५० मिलिमीटर स्लम्पचा हवा आणि दर २५ मिलिमीटरला ३ टक्के या हिशेबाने पाणी सुमारे २०८ लिटरवर जाते. सिमेंट ४०० किलो घातले तर गुणोत्तर येते ०.५२, म्हणजे खाडीच्या कोणत्याही कामाला अपात्र. गुणोत्तर ०.३७५ वर आणायचे आणि पाणी मात्र तेवढेच ठेवायचे म्हटले तर सिमेंट ५५५ किलो लागेल. पण आयएस ४५६ घनमीटरला ४५० किलोंच्या वर सिमेंट घालू देत नाही, कारण एवढ्या सिमेंटच्या जलयोजनाची उष्णता आणि नंतरचे आकुंचन काँक्रीटला तडे पाडते. म्हणजे एका बाजूला मिस्त्रीची निकड, दुसऱ्या बाजूला समुद्राची आणि तिसऱ्या बाजूला मानकाची भिंत, अशी ही कोंडी आहे. चांगल्या बहुवारिकामुळे पाणी २५ ते ३० टक्क्यांनी कमी करता येते, म्हणजे २०८ लिटरऐवजी १५० लिटर पुरते आणि ४०० किलो सिमेंटमध्येच गुणोत्तर ०.३७५ वर उतरते. घनमीटरमागे दीडशे किलो सिमेंट वाचते ते वेगळेच. आणि सिमेंटच्या भट्टीत क्लिंकर भाजताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या बचतीचे मोल वेगळे सांगायला नको.

एवढी किमया करणारा पदार्थ नेमके करतो काय? सिमेंटचा कण दळताना फुटतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर कोठे धन तर कोठे ऋण विद्युतभार उघडा पडतो, आणि पाण्यात पडताच हे विरुद्ध भार एकमेकांना ओढतात; कण गुच्छ करून बसतात आणि त्या गुच्छांच्या पोटात पाणी कोंडून राहते. कणीक मळताना गुठळ्यांच्या आत पीठ कोरडे राहते. येथे उलट घडते, गुठळीच्या आत पाणी अडकते आणि बाहेरचा माल कोरडा वाटतो. गुच्छ फोडले की तेच कोंडलेले पाणी मोकळे होते आणि माल वाहू लागतो. नवे पाणी न घालता आधीच्याच पाण्याला कामाला लावणे, हे या बहुवारिकाचे खरे कार्य आहे.

गुच्छ फोडण्याचे उपाय तीन टप्प्यांत सापडले. १९३० च्या दशकात लाकडाच्या लगद्यापासून कागद करताना उरणाऱ्या लिग्नोसल्फोनेटचा उपयोग अमेरिकेत सुरू झाला. तो पदार्थ स्वस्त होता, पण पाणी ५ ते १० टक्केच कमी करी, आणि मात्रा वाढवली तर काँक्रीट घट्ट होण्यास फार वेळ लावी. १९६० च्या दशकात जपानमधील काओ या साबणाच्या कंपनीत केनिची हातोरी यांनी नॅफ्थॅलीनपासून सल्फोनेट गट असलेले बहुवारिक तयार केले आणि ते १९६४ पासून 'मायटी' या नावाने बाजारात आले. साधारण त्याच काळात जर्मनीत मेलामाइनवर आधारलेले 'मेलमेंट' विकसित झाले. हे दोन्ही पदार्थ सिमेंटच्या कणांवर चिकटतात आणि सर्व कणांना ऋणभारित करतात. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात या शाळकरी नियमाने कण सुटे होतात. यांना सुपरप्लॅस्टिसायझर म्हणू लागले. त्यांनी उंच इमारतींचे आणि मोठ्या पुलांचे काँक्रीट शक्य केले, परंतु त्यांचा प्रभाव अर्ध्या-पाऊण तासात ओसरू लागे, कारण जलयोजनाचे नवे पदार्थ कणांवर वाढत जाऊन त्या चिकटलेल्या रेणूंना गाडून टाकीत.

तिसरा टप्पा १९८१ चा. जपानच्या निप्पॉन शोकुबाई या कंपनीत त्सुयोशी हिराता यांनी पॉलीकार्बोक्झिलेट या नव्या कुळातल्या बहुवारिकाचे पेटंट मागितले आणि त्या दशकातच ते वापरात आले. आज जगभर त्याला 'पीसीई' या आद्याक्षरांनी ओळखतात. त्याची रचना कंगव्यासारखी असते. कंगव्याचा कणा अ‍ॅक्रिलिक किंवा मेथॅक्रिलिक आम्लाचा, त्यावर ऋणभारित कार्बोक्झिलेट गट, आणि त्याला लोंबणारे दात पॉलीइथिलीन ऑक्साइडचे. कणा सिमेंटच्या कणावर चिकटतो, दात बाहेरच्या पाण्यात पसरून राहतात आणि दोन कण जवळ येऊ लागले की त्यांचे दात एकमेकांत घुसायला जागा नसल्याने कण दूरच राहतात. कदंबाच्या दोन फुलांचे गाभे जसे एकमेकांना भिडू शकत नाहीत, तसेच हे. अशा आडकाठीला अवकाशीय अडसर म्हणतात, आणि विद्युतभाराच्या ढकलण्यापेक्षा तो अधिक भरवशाचा ठरला, कारण जलयोजनाचे पदार्थ कणावर वाढू लागले तरी लांब दात काही काळ त्यांच्या वर डोके काढून राहतात.

या रचनेचे खरे महत्त्व तिच्या लवचिकतेत आहे. दात लांब करावेत की आखूड, दाट लावावेत की विरळ, कण्यावर ऋणभार किती ठेवावा, हे रसायनज्ञाच्या हातात असते. ऋणभार दाट ठेवला तर रेणू सिमेंटवर लगेच चिकटतो आणि माल तत्काळ वाहता होतो. ऋणभार विरळ ठेवून त्याच्या जागी अल्कधर्मी पाण्यात हळूहळू तुटणारे एस्टर गट बसवले, तर तासा-दीड तासात ते तुटत राहतात, नवे चिकटणारे गट उघडे पडतात आणि माल टप्प्याटप्प्याने ताजातवाना होत राहतो. दात लांब आणि दाट असतील तर काँक्रीट लवकर ताकद धरते, जे कारखान्यात साचे लवकर सोडवण्यासाठी उपयोगी पडते. लिग्नोसल्फोनेट लाकडाने जसे दिले तसेच घ्यावे लागले. पीसीई मात्र कामाचे माप घेऊन शिवता येते.

या दातांचा कच्चा माल इथिलीन ऑक्साइडपासून येतो, आणि येथे ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या इतिहासाचा एक धागा जुळतो. नवी मुंबईची आखणी कागदावर असतानाच, १९६८ मध्ये, या पट्ट्यात नोसिल या कंपनीचा नाफ्था क्रॅकर, म्हणजे खनिज तेलापासून मिळणारा नाफ्था तोडून इथिलीनसारखे वायू काढणारा कारखाना, सुरू झाला होता आणि भारतीय पेट्रोरसायन उद्योगाच्या पहिल्या पिढीत त्याची गणना होते. तो क्रॅकर आज नाही. पण ज्या रसायनकुळाचे उत्पादन या खाडीकाठी झाले, त्याच कुळातला रेणू पुढे या खाडीतल्या खांबांचे रक्षण करायला यावा, हा योग नोंदवण्याजोगा आहे.

या खांबांपैकी सर्वांत मोठी फौज शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूची, म्हणजे अटल सेतूची. २१.८ किलोमीटर लांबीपैकी सुमारे १६.५ किलोमीटर पाण्यावर असलेला हा पूल मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने जपानच्या अर्थसाहाय्यातून बांधला, प्रत्यक्ष काम २०१८ मध्ये सुरू झाले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यात सुमारे ५ लाख टन सिमेंट लागले आणि आयुर्मान १०० वर्षांचे धरले गेले. शंभर वर्षे हा शब्द सहज उच्चारला जातो, परंतु त्याचा अर्थ असा की भरतीच्या पट्ट्यातल्या खांबात क्लोराइडला सळईपर्यंतचे काही सेंटिमीटर अंतर कापण्यास इतका विलंब लागला पाहिजे की चौथ्या पिढीलाही पुलाखाली दुरुस्तीची परांची बांधावी लागू नये. अशा समुद्री काँक्रीटमध्ये सिमेंटचा मोठा हिस्सा काढून त्याजागी पोलादाच्या भट्टीतली दळलेली मळी, जिला व्यवहारात 'स्लॅग' म्हणतात, किंवा औष्णिक वीजकेंद्रांची राख घालतात. रायगड जिल्ह्यातल्या डोलवी येथे पोलाद कारखान्याशेजारीच असा स्लॅग दळला जातो. स्लॅगमुळे सूक्ष्म वाटा अधिक अरुंद होतात आणि क्लोराइडचा काही अंश रासायनिकरीत्या बांधला जातो. मात्र त्याचे कणही सिमेंटइतकेच बारीक, त्यांनाही विखुरावे लागते, आणि खोल पाण्याखालच्या पाइलमध्ये, म्हणजे तळात उतरवलेल्या पायाच्या खांबांत तर माल नळीतून सोडल्यावर तेथे व्हायब्रेटर पोहोचत नाही. तो आपल्याच वजनाने पसरून सळयांभोवती बसला पाहिजे. आपोआप बसणाऱ्या अशा काँक्रीटची संकल्पना तोक्यो विद्यापीठातील हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ मध्ये मांडली होती आणि विखुरणारे समर्थ बहुवारिक हाताशी असल्याशिवाय ती व्यवहारात उतरणे अवघड होते.

प्रयोगशाळेत मात्र खाडीपुलावरची वाहतूककोंडी नसते. तुर्भे-पावण्याच्या बाजूला असलेल्या आरएमसी प्लँटमधून, म्हणजे तयार काँक्रीटच्या कारखान्यातून, निघालेला ट्रान्झिट मिक्सर खारघर, उलवे किंवा खाडीपलीकडे पोहोचायला किती वेळ घेईल, हे घड्याळापेक्षा रहदारीवर ठरते. आयएस ४९२६ या मानकानुसार साधारणपणे माल भरल्यापासून दोन तासांत तो रिकामा झाला पाहिजे, आणि गती मंदावणारे द्रव्य वापरले असेल तर ही मुदत वाढवता येते. एप्रिल-मे महिन्यात हवेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते, खडीचा ढीग उन्हात तापलेला असतो आणि प्रत्येक अंशागणिक जलयोजन वेग घेते. म्हणून नवी मुंबईत विकले जाणारे बहुवारिक हे मुख्यतः 'माल धरून ठेवणारे' असते. पाणी तोडण्याइतकेच, दोन तासांनंतरही तोच स्लम्प राखणे हे त्याच्याकडून अपेक्षित असते, आणि मोठ्या ओतकामांना प्लँटवर पाण्याच्या काही भागाऐवजी बर्फाचा चुराही घातला जातो.

तरीही या रेणूची सर्वांत कठीण परीक्षा घेते ती सह्याद्रीची माती. एके काळी मुंबई-ठाण्याची बांधकामे खाडीच्या रेतीवर चालत. मुंब्र्याच्या रेतीबंदराचे नावच ते सांगते. कोळी-आगरी समाजातले लोक हातपाटीने, डुबी मारून, खाडीच्या तळाची रेती होडीत भरत असत. ही रेती गोड्या पाण्याने नीट धुतली नाही तर मीठ पहिल्या दिवसापासूनच काँक्रीटच्या आत, आणि मग बाहेरच्या समुद्राची वाट पाहण्याची गरजच उरत नाही. पुढे ड्रेजरने झालेला बेसुमार उपसा, न्यायालयांचे निर्बंध आणि लिलावांची अनिश्चितता यांमुळे रेती दुर्मीळ झाली, दगड फोडून केलेली 'क्रश सँड' तिच्या जागी आली, आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने कृत्रिम वाळूला रीतसर स्थान दिले आणि राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केले. नद्या आणि खाड्यांच्या दृष्टीने हे अत्यंत स्वागतार्ह आहे. रेणूच्या दृष्टीने मात्र येथून नवी अडचण सुरू होते.

या प्रदेशाचा दगड म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, बेसॉल्ट. ताजा बेसॉल्ट खडीसाठी उत्तमच. परंतु लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले तेव्हा दोन थरांच्या दरम्यान आणि वरच्या कुजलेल्या मुरमात बेसॉल्टचे रूपांतर स्मेक्टाइट जातीच्या चिकणमातीत झालेले असते. पाणी प्याले की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती याच जातीची. खाणीत सुरुंग लावताना मुरमाचा पट्टा वेगळा काढला नाही तर ही माती दगडाबरोबरच क्रशरमध्ये जाते आणि वाळूच्या पुडीत मिसळून जाते. या मातीची रचना वहीच्या पानांसारखी असते. पानांच्या मधल्या फटीत पाणी शिरते आणि पाण्यापाठोपाठ पीसीईचे ते लांब दातही शिरतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील योहान प्लांक यांच्या गटाने हे क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवून दिले : पॉलीइथिलीन ऑक्साइडचा धागा मातीच्या पानांत अडकल्यावर पाने फाकलेली दिसतात. ज्या दातांच्या बळावर हा रेणू आधीच्या पिढीपेक्षा श्रेष्ठ ठरला, त्याच दातांना चिकणमाती गिळते. सिमेंटसाठी घातलेली मात्रा मातीतच संपते, माल प्लँटवरच घट्ट होतो आणि ऑपरेटर मात्रा वाढवतो. मग दुसऱ्या दिवशी खाणीतून स्वच्छ दगडाची वाळू आली की तीच वाढवलेली मात्रा जास्त होते, माल फाटतो, म्हणजे खडी खाली बसून वर सिमेंटचे पाणी सुटते. नॅफ्थॅलीनच्या जुन्या बहुवारिकाला असे दात नसल्याने त्याला मातीचा त्रास कमी होतो, म्हणून काही ठिकाणी अजूनही त्याला पसंती मिळते. पण दोन्ही एकत्र मिसळण्याची सोय नाही, कारण एकाच मिश्रणात आले तर ती एकमेकांचा प्रभाव मारतात, आणि टाकी न धुता एकाच्या जागी दुसरे भरले तर प्लँटचा अख्खा दिवस वाया जाऊ शकतो.

यावर उपाय आहेत आणि ते परवडणारेही आहेत. क्रश सँड धुऊन घेणे हा पहिला. वाळूची पूड मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्यात ढवळून ती किती रंग पिते हे पाहणे हा दुसरा, कारण फुगणारी माती रंग शोषते आणि दगडाची निव्वळ पूड फारसा शोषत नाही. आणि मातीच्या पानांना आधीच स्वस्त पॉलीइथिलीन ग्लायकॉल खाऊ घालून मुख्य रेणूला वाचवणे हा तिसरा. यांतली निळ्या रंगाची चाचणी अर्ध्या तासाची आहे आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. ती प्रत्येक प्लँटवर रोज का होऊ नये, हा प्रश्न खाणमालक, प्लँटचालक आणि बांधकामाचे सल्लागार या तिघांनाही विचारला गेला पाहिजे.

सिमेंट आणि बहुवारिक यांचे आपसातले जुळणे हाही असाच नाजूक विषय आहे. सिमेंटमधले ट्रायकॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट हे संयुग रेणूंना सर्वांत आधी ओढते, त्याला आवरण्यासाठी जिप्सम घातलेले असते, आणि जिप्सममधून सुटणारे सल्फेट कणावरच्या त्याच जागांसाठी पीसीईशी स्पर्धा करते; म्हणून एका सिमेंटबरोबर उत्तम चालणारे द्रव्य दुसऱ्याबरोबर अर्ध्या तासात हात टेकते. आयआयटी मद्रासमध्ये रवींद्र गेट्टू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय सिमेंटांच्या संदर्भात या प्रश्नाचा दीर्घ अभ्यास केला आहे. मार्श कोन या नरसाळ्यासारख्या भांड्यातून सिमेंट-पाण्याचे पातळ मिश्रण वाहून जायला किती सेकंद लागतात हे वाढत्या मात्रांसाठी मोजत गेले की एक बिंदू असा येतो जेथून मात्रा वाढवूनही वेळ कमी होत नाही; तो संपृक्तबिंदू, आणि त्यापुढे घातलेले द्रव्य वाया जाते किंवा अपाय करते. आयएस ४५६ मध्ये सुपरप्लॅस्टिसायझरची सर्वसाधारण मर्यादा सिमेंटद्रव्याच्या २ टक्के ठेवली आहे, पण खरी मर्यादा हा बिंदूच ठरवतो.

नवी मुंबईच्या पहिल्या पिढीतल्या इमारतींना हे काहीच लाभले नव्हते. वाशीतील सिडकोने बांधलेल्या अनेक इमारती चार दशकांच्या आत धोकादायक ठरल्या आणि त्यांच्या पुनर्बांधणीसाठी वाढीव चटई क्षेत्र निर्देशांकाचा मार्ग शासनाला स्वीकारावा लागला. त्या ढासळण्याला कारणे अनेक, आणि देखभालीचा अभाव त्यांत लहान नाही. परंतु हाताने कालवलेल्या, पाण्याचे माप नसलेल्या काँक्रीटला खाऱ्या हवेपुढे किती टिकता येते याची नोंद त्या छतांच्या पोपड्यांत आहे. दुसऱ्या टोकाला सिडकोनेच २०२२ मध्ये बामणडोंगरी येथे ९६ दिवसांत ९६ सदनिका उभ्या करण्याचा उपक्रम केला. भिंती, स्तंभ, जिने कारखान्यात ओतून आणायचे आणि जागेवर जोडायचे या पद्धतीत साचा जितक्या लवकर रिकामा होईल तितका वेग मिळतो, आणि कमी पाण्याच्या, लवकर ताकद धरणाऱ्या मालाशिवाय तो वेग साधत नाही.

एवढे सारे विज्ञान ज्या जागी हरते, ती जागा ट्रान्झिट मिक्सरच्या मागच्या बाजूला, पन्हळीपाशी आहे. मिक्सरवर पाण्याची टाकी ड्रम धुण्यासाठी असते. माल रहदारीत अडकून थोडा घट्ट झाला, पंपवाल्याला नळी तुंबण्याची धास्ती वाटली आणि मुकादमाने हात हलवला की या टाकीची नळी उघडते. सहा घनमीटरच्या गाडीत १०० लिटर पाणी पडले तर घनमीटरला सुमारे १७ लिटर वाढते, १५० चे १६७ होतात आणि ०.३७५ चे गुणोत्तर ०.४१७ वर जाते : भरतीच्या पट्ट्यासाठी मानकाने आखलेली रेषा दोन मिनिटांत ओलांडली जाते. वास्तविक अशा वेळी प्लँटच्या तंत्रज्ञाने त्याच बहुवारिकाची मोजकी जादा मात्रा गाडीत घालून ड्रम काही मिनिटे वेगाने फिरवणे हा मान्य मार्ग आहे आणि त्याने गुणोत्तराला धक्का लागत नाही. त्यासाठी फक्त जागेवर एक डबा, एक माप आणि अधिकार असलेला एक माणूस हवा. पावसाळ्यात हीच चूक प्लँटवरही घडते. जुलैमध्ये उघड्यावरची वाळू सहा टक्के पाणी धरून असते, घनमीटरच्या ७५० किलो वाळूबरोबर ४५ लिटर पाणी न मोजता आत येते, आणि ते घातल्या जाणाऱ्या पाण्यातून वजा केले नाही तर रेणूने मिळवून दिलेली बहुतेक बचत एका फावड्यात परत जाते.

या पाण्याचा पत्ता सहसा लागत नाही. काँक्रीटची ताकद तपासण्यासाठी १५ सेंटिमीटरचे घन, म्हणजे क्यूब, भरतात, ते पाण्यात ठेवून सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. क्यूबसाठीचा माल गाडी येताच, नळी उघडण्याआधी, घेतलेला असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशीचा आकडा मागितल्याहून चांगलाच येतो, अहवालावर सही होते आणि तो फायलीत लागतो. बांधकाम मात्र या अहवालासाठी थांबत नाही : अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांनी साधारण आठवड्या-दहा दिवसांत एक मजला उठतो. तो क्यूब फुटतो त्या दिवशी, ज्या स्लॅबसाठी तो भरला होता, त्याच्यावर आणखी तीन मजले चढलेले असतात.